उतरत्या वयाचे मोल

इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यातील स्टोक-ऑन-ट्रेंट हे शहर चिनी मातीची भांडी घडविणाऱ्या भट्ट्यांचे. तेथील स्टोक सिटी हा फुटबॉल संघ १९५३ साली पहिल्या श्रेणीतून खाली उतरला आणि पुढे आठ वर्षे दुसऱ्या श्रेणीतच रुतून बसला. संघाची उमेद गेली तसे प्रेक्षकही पांगले, आणि १९६१ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी घरच्या मैदानावरील एका सामन्याला अवघे ८,४०९ लोक आले. अशा वेळी छत्तीस वर्षांचा व्यवस्थापक टोनी वॉडिंग्टन याने संचालक मंडळाची मंजुरी मिळवून, ब्लॅकपूल संघाला तीन हजार पौंडांच्या आसपास रक्कम देऊन जो खेळाडू आणला, तो त्याच्याहून जवळजवळ दहा वर्षांनी वडील होता. स्टॅन्ली मॅथ्यूज याचे वय तेव्हा ४६ वर्षांचे होते. याच शहरातील हॅन्ली भागात, केशकर्तनाचा धंदा करता करता मुष्टियुद्धाचे फड गाजविणाऱ्या बापाच्या घरी तो १९१५ साली जन्मला, स्टोकच्याच संघात वाढला, आणि १९४७ साली ११,५०० पौंडांना ब्लॅकपूलकडे गेला तेव्हा बत्तीस वर्षांचा हा खेळाडू आता आणखी किती खेळणार, अशीच शंका पुष्कळांना वाटली असणार. पुढे १९५३ साली ब्लॅकपूलने एफ. ए. चषक जिंकला तो सामना मॅथ्यूजच्या नावानेच ओळखला जाऊ लागला, आणि १९५६ साली युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलों द'ओर पुरस्कार प्रथमच देण्यात आला तो त्यालाच.

२८ ऑक्टोबर १९६१ रोजी हडर्सफील्डविरुद्ध तो पुन्हा स्टोकच्या पोशाखात मैदानावर उतरला, तेव्हा प्रेक्षकांची संख्या होती ३५,९७४, आणि स्टोकने तो सामना ३-० असा जिंकला. खरेदीची रक्कम वसूल व्हायला किती दिवस लागले असतील, याचा अदमास या दोन आकड्यांवरून कोणीही बांधावा. परंतु वॉडिंग्टनच्या कृत्याकडे केवळ तिकीटविक्रीची युक्ती म्हणून पाहणे हा त्याच्यावर मोठा अन्याय होईल. अनुभवी, किंबहुना जगाने निकालात काढलेले खेळाडू आणून संघाची अवस्था तत्काळ सुधारण्याची जी एक स्वतंत्र विद्या फुटबॉलमध्ये आहे, तिचा तो एक थोर आचार्य होता. आणि ही विद्या नेमकी काय आहे, ती कोठे फळते आणि कोठे अंगाशी येते, याचा विचार फारसा कोणी नीटपणे करीत नाही असे मला वाटते.

या विद्येच्या मुळाशी प्रथम एक व्यावहारिक हिशेब आहे. फुटबॉल संघ खेळाडूसाठी जी किंमत मोजतो, ती त्याच्या आजच्या खेळापेक्षा त्याच्या पुढील वर्षांची असते. बावीस वर्षांचा खेळाडू आठ वर्षे सेवा देऊन वर पुन्हा विकताही येतो, तर तेहतीस वर्षांच्या खेळाडूला पुनर्विक्रीचे मोल जवळजवळ शून्य. म्हणून वय वाढते तशी किंमत उतरते, आणि ती खेळापेक्षा कितीतरी अधिक वेगाने उतरते. या दोन उतरणींमध्ये जी तफावत पडते, तिच्यात गरीब संघाला संधी सापडते. इंग्लंडमध्ये तर या संधीला काळाचेही साहाय्य झाले. जानेवारी १९६१ पर्यंत तेथे खेळाडूच्या वेतनावर आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. ती उठताच श्रीमंत शहरांतील संघ हवे ते वेतन देऊ लागले, आणि लहान शहरांच्या संघांना ऐन उमेदीचे नामवंत खेळाडू परवडेनासे झाले. त्यांना परवडणारे नामवंत उरले ते वयस्कर. वॉडिंग्टनची मॅथ्यूजसाठीची दरखास्त याच वर्षी पुढे यावी, हा मी केवळ योगायोग मानीत नाही.

ही रीत मात्र त्याहून जुनी आहे. डिसेंबर १९४६ मध्ये आर्सेनल हा मातबर संघ पहिल्या श्रेणीच्या तळाशी घसरला होता. महायुद्धाने सात मोसम गिळले होते, आणि घडलेली तरुण पिढी कोणाहीपाशी नव्हती. आर्सेनलने त्या एकाच महिन्यात एव्हर्टनकडून बत्तीस वर्षांचा हाफ-बॅक जो मर्सर आणि फुलहॅमकडून पस्तिशीला टेकलेला आघाडीपटू रॉनी रूक यांना आणले. मर्सरचे गुडघे कामातून गेले असा समज होता, आणि त्याचे मन तर आपल्या किराणा दुकानात गुंतलेले होते; दुकान सोडायचे नाही, सराव लिव्हरपूललाच करायचा आणि सामन्यापुरते लंडनला यायचे, अशा अटींवर तो आला. संघाने त्या मोसमात तेरावा क्रमांक गाठून आपली अब्रू राखली आणि पुढील, म्हणजे १९४७-४८ च्या मोसमात थेट विजेतेपद पटकावले. रूकने त्या वर्षी लीगमध्ये ३३ गोल केले. मर्सर पुढे कर्णधार म्हणून १९५० चा एफ. ए. चषक आणि १९५३ चे विजेतेपद मिळवून गेला. १९६६ साली हाच मर्सर मँचेस्टर सिटीचा व्यवस्थापक असताना त्याचा साहाय्यक माल्कम ॲलिसन याने टोनी बुक या एकतीस वर्षांच्या बचावपटूला घेण्याचा आग्रह धरला. बुकने आयुष्याची बरीच वर्षे गवंडीकाम करीत हौशी व निमव्यावसायिक संघांत काढली होती. मर्सर वयाकडे पाहून कचरला, तेव्हा ॲलिसनने त्याला, तू आर्सेनलला गेलास तेव्हा किती वर्षांचा होतास, असे विचारले. बुकच्या नेतृत्वाखाली सिटीने १९६८ ते १९७० या तीन वर्षांत विजेतेपद, एफ. ए. चषक, लीग चषक आणि एक युरोपीय चषक मिळविला.

आता प्रश्न असा की, वय खेळाडूचे काय हिरावून घेते आणि काय मागे ठेवते? सर्वांत आधी जातो तो थेट वेग, पहिल्या पाच-सात पावलांचा झटका. त्यामागोमाग दुखापतीतून सावरण्याची शक्ती, आणि एका सामन्यानंतर तीन दिवसांत दुसरा खेळण्याची ताकद. चेंडूवरील हुकमत मात्र फार उशिरा ढळते. आणि जी गोष्ट पस्तिशीपर्यंत वाढतच राहते, ती म्हणजे पुढे काय घडणार याची पूर्वसूचना. मुरलेला खेळाडू चेंडूकडे कमी आणि माणसांकडे अधिक पाहतो; प्रतिस्पर्ध्याच्या कंबरेचा कल, खांद्याचे वळण, मोकळ्या पडलेल्या जागा यांवरून त्याला चेंडूची पुढची वाट आधीच कळते, म्हणून तो धावत जाण्याऐवजी तेथे आधीच उभा असतो. तरुण खेळाडूला दहा यार्ड धावून जे साधते, ते याला दोन पावले सरकून साधते. त्यात १९६५-६६ च्या मोसमापूर्वी इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडूची सोयच नव्हती. थकलेला किंवा लंगडणारा खेळाडू बाहेर गेला की संघ दहा जणांचा होई. त्या काळी सेहेचाळीस वर्षांच्या माणसाचे नाव संघाच्या यादीत लिहिणाऱ्या व्यवस्थापकाने केवढी जोखीम पत्करली होती, हे यावरून ध्यानी यावे.

वॉडिंग्टनने ही जोखीम दैवावर सोपविली नाही. मॅथ्यूज उजव्या बगलेवर खेळे, आणि त्याच्या नडग्यांवर नजर ठेवून येणारे बचावपटू कमी नव्हते. म्हणून वॉडिंग्टनने वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये नाव कमावलेला, दणकट आणि भीतीदायक लौकिकाचा एडी क्लॅम्प आणून त्याच्या पाठीशी उभा केला, जेणेकरून मॅथ्यूजला दांडगाईने पाडणाऱ्यास त्याचा जाब क्लॅम्पपाशी द्यावा लागे. मॅथ्यूजचा ब्लॅकपूलमधील जुना सहकारी जॅकी मूडी संघात आधीच होता. म्युनिकच्या विमान अपघातातून वाचलेला आणि १९५९-६० मध्ये मँचेस्टर युनायटेडसाठी लीगमध्ये ३२ गोल करणारा डेनिस व्हायोलेट आला. वुल्व्हरहॅम्प्टनचाच माजी कर्णधार एडी स्टुअर्ट आला. आणि १९६३ च्या वसंतात बर्नलीने सर्वांना चकित करून विकावयास काढलेला जिमी मॅकइलरॉय २५,००० पौंडांना आला. १९६३ च्या मे महिन्यात लूटनविरुद्धच्या सामन्यात मॅकइलरॉयने पुढे सोडलेल्या चेंडूवर ४८ वर्षांचा मॅथ्यूज धावत सुटला आणि गोलरक्षकाला चकवून त्याने गोल केला. स्टोक २-० असा जिंकला आणि दुसऱ्या श्रेणीचा विजेता होऊन दहा वर्षांनी वर गेला. मॅथ्यूजचा त्या संपूर्ण मोसमातील तो एकमेव गोल. त्या वर्षी फुटबॉल लेखकांच्या संघटनेने वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले ते या दुसऱ्या श्रेणीतल्या मॅथ्यूजलाच.

या पुरस्काराच्या यादीकडे जरा थांबून पाहावे. १९६३ साली मॅथ्यूज. १९६५ साली लीड्स युनायटेडचा बॉबी कॉलिन्स, वय ३४. १९६९ साली मँचेस्टर सिटीचा टोनी बुक आणि डर्बी काउंटीचा डेव्ह मकाय यांना विभागून, दोघेही चौतीस वर्षांचे. हे चौघेही आपापल्या संघांत तिशी उलटल्यावर आलेले होते. ज्या दशकाला आपण तरुणांचे दशक म्हणतो, त्यातील ही गोष्ट आहे.

कॉलिन्सची कथा थोडक्यात सांगता येते. मार्च १९६२ मध्ये लीड्स तिसऱ्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात असताना व्यवस्थापक डॉन रेव्ही याने एव्हर्टनकडून हा जेमतेम सव्वापाच फूट उंचीचा, एकतीस वर्षांचा स्कॉटिश खेळाडू २५,००० पौंडांना आणला. संघ मोसमाच्या अखेरच्या दिवशी बचावला, १९६४ मध्ये पहिल्या श्रेणीत चढला, आणि पुढच्याच वर्षी विजेतेपदापासून केवळ गोलांच्या सरासरीने वंचित राहिला. परंतु महत्त्वाचे ते याच्याही पुढचे आहे. कॉलिन्स आला तेव्हा बिली ब्रेमनर एकोणीस वर्षांचा होता, आणि खेळातील कठोरपणा व निग्रह तो ज्याच्या शेजारी राहून शिकला, तो कॉलिन्स. १९६५ च्या ऑक्टोबरात टोरिनो येथे कॉलिन्सच्या मांडीचे हाड मोडले, तेव्हा बगलेवर खेळणारा जॉनी जाइल्स त्याच्या जागी सरकला, आणि ब्रेमनर-जाइल्स या जोडीने पुढे जवळजवळ दहा वर्षे लीड्सच्या मध्यफळीचा कारभार पाहिला.

या सर्वांत मला सर्वाधिक शिकण्याजोगे उदाहरण वाटते ते डेव्ह मकायचे. ब्रायन क्लफ आणि त्याचा साहाय्यक पीटर टेलर यांनी १९६७ साली डर्बी काउंटीचा कारभार हाती घेतला, तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत सतरावा होता. त्यांच्या पहिल्या वर्षी तो अठरावा आला. संचालकांनी एवढ्यावरून बरखास्तीचा हुकूम काढला असता, तर इंग्लिश फुटबॉलचा इतिहास निराळा झाला असता. परंतु त्या वर्षभरात क्लफने ट्रॅनमियरहून एकोणीस वर्षांचा रॉय मॅकफार्लंड आणला होता, ॲलन हिंटन आणला होता, जॉन ओ'हेअर आणला होता. कच्चा माल होता, त्याला वळण लावणारे कोणी मैदानावर नव्हते. १९६८ च्या उन्हाळ्यात क्लफ मोटार हाकीत लंडनला टॉटनहॅमच्या मैदानावर गेला, तो मकायला मागण्यासाठी.

मकाय हा त्या पिढीतील सर्वांत धैर्यशाली खेळाडू होता असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. टॉटनहॅमने १९६०-६१ मध्ये लीग आणि एफ. ए. चषक एकाच मोसमात जिंकले, विसाव्या शतकात असे प्रथमच घडले, त्या संघाचा तो कणा होता. डिसेंबर १९६३ मध्ये त्याचा डावा पाय मोडला; बरा होऊन परतला तो पहिल्याच चाचणीत, १९६४ च्या सप्टेंबरात, तोच पाय पुन्हा मोडला. तरीही तो परतला आणि १९६७ साली कर्णधार म्हणून एफ. ए. चषक उंचावला. आता तो तेहतीस वर्षांचा होता, आणि एडिंबरोला आपल्या जुन्या हार्ट्स संघात व्यवस्थापकाचा साहाय्यक म्हणून जाण्याचे त्याचे जवळजवळ ठरले होते. त्याने क्लफला प्रथम नकारच दिला. टॉटनहॅमचा व्यवस्थापक बिल निकल्सन याने त्याच्या सेवेचा मान राखून किंमत लावली ती फक्त ५,००० पौंड.

मकायची शंका रास्त होती: मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झुंजत जाणारा हाफ-बॅक म्हणून ज्याची कीर्ती, त्याचे पाय आता तसे चालत नव्हते, आणि लोकांनी आपला ऱ्हास पाहावा हे त्या मानी पुरुषाला सहन होणारे नव्हते. क्लफने तिचे जे उत्तर दिले त्यात या सबंध विद्येचे मर्म आहे. त्याने मकायला धावायला सांगितलेच नाही; मागे, बचावफळीच्या मध्यात, मॅकफार्लंडच्या शेजारी उभे राहायचे, चेंडू मिळाला की शांतपणे पुढे द्यायचा, आणि सर्वांना आज्ञा सोडायच्या, एवढेच काम त्याला नेमून दिले. धावपळ मॅकफार्लंडने करावी आणि जागा मकायने दाखवावी, अशी ही वाटणी होती. नव्या गोऱ्ह्याला औताची सवय लावायची तर शेतकरी त्याला मुरलेल्या बैलाबरोबर जुंपतो, आणि सऱ्या सरळ निघतात त्या बैलाच्या शहाणपणामुळे. क्लफने मैदानावर तेच केले.

परिणाम तत्काळ दिसला. १९६८-६९ मध्ये डर्बी ६३ गुण मिळवून, दुसऱ्या क्रमांकाच्या क्रिस्टल पॅलेसपेक्षा सात गुण पुढे राहून, दुसऱ्या श्रेणीचा विजेता झाला. पुढील वर्षी पहिल्या श्रेणीत चौथा आला. बचावात चेंडू हाती आला की घाबरून तो दूर भिरकावून देण्याची दुसऱ्या श्रेणीची जी सर्वमान्य चाल होती, ती डर्बीने सोडली, कारण गोलाच्या तोंडाशी चार विरोधी अंगावर आले असतानाही मकाय चेंडू छातीवर घेऊन तो सहकाऱ्याकडे सरकवी, आणि शेजारचा वीस वर्षांचा मुलगा ते रोज पाही. १९७०-७१ च्या मोसमात छत्तिशीतला मकाय लीगचे ४२ पैकी ४२ सामने खेळला. त्यानंतर तो स्विंडनला निघून गेला. पण तो जाण्यापूर्वीच, १९७१ च्या फेब्रुवारीत, क्लफने सन्डरलंडहून कॉलिन टॉड याला १,७५,००० पौंड मोजून आणून ठेवले होते. १९७१-७२ मध्ये डर्बीने आपल्या इतिहासातील पहिले लीग विजेतेपद मिळविले, तेव्हा बचावफळीच्या मध्यात होते मॅकफार्लंड आणि टॉड; कर्णधारपद मॅकफार्लंडकडे आले होते. मकाय ज्या वर्षी संघात नव्हता त्या वर्षी संघ सर्वोच्च स्थानी गेला, याहून त्याच्या खरेदीच्या यथार्थतेचा मोठा पुरावा मला तरी दिसत नाही. हाच मकाय १९७३ साली क्लफच्या जागी डर्बीचा व्यवस्थापक झाला आणि १९७५ चे विजेतेपद त्याने मिळवून दिले.

नुसते अनुभवी खेळाडू गोळा केल्याने मात्र असे काही होत नाही. २०१२ साली लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स संघाने मँचेस्टर युनायटेडमध्ये कीर्ती मिळविलेला पार्क जी-सुंग, इंटर मिलानचा गोलरक्षक ज्युलिओ सेझार, नुकताच युरोपीय विजेता ठरलेला बोसिंग्वा अशी नामावळी जमविली. मोसमाचा मध्य येण्याआधीच व्यवस्थापक मार्क ह्यूज याला जावे लागले, त्याच्या जागी आलेल्या हॅरी रेडनॅपनेही खरेदीचा ओघ चालू ठेवला, आणि संघ अवघ्या २५ गुणांनिशी तळाला राहून खाली उतरला. तेथे प्रत्येकाजवळ अनुभव होता, पण कोणाच्या शेजारी कोण उभा राहणार, कोणाची उणीव कोण भरून काढणार आणि कोण कोणापासून शिकणार, याची तजवीज कोठे दिसत नव्हती. आपल्याकडे २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मुंबईच्या संघाने फ्रेडी युंगबर्ग व निकोला आनेल्का, पुण्याच्या संघाने दाव्हिद त्रेझेगे, तर गोव्याच्या संघाने चाळिशी ओलांडलेला रोबेर पिरेस याला आणले. मुंबई आणि पुणे उपांत्य फेरीपर्यंतही पोहोचले नाहीत. गोवा पोहोचला, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे श्रेय पिरेसच्या नावापेक्षा प्रशिक्षक झिको याने बसविलेल्या घडीला अधिक आहे. मोठी नावे प्रेक्षक आणतात, हे खरेच. फातोर्ड्याच्या प्रेक्षकांनी पिरेसचे स्वागत मनापासून केले आणि ते योग्यच होते. पण प्रेक्षक आणणे आणि संघ घडविणे ही दोन कामे आहेत.

वॉडिंग्टनने या बाबतीत एक तिसरीच वाट धरली. मॅथ्यूज १९६५ च्या फेब्रुवारीत, वयाची ५० वर्षे पूर्ण झाल्यावर पाच दिवसांनी, आपला शेवटचा लीग सामना खेळून निवृत्त झाला. त्यानंतरही वॉडिंग्टन वयस्कांच्या जागी वयस्कच आणीत राहिला. १९६६ साली आर्सेनलहून जॉर्ज ईस्टहॅम आला. खेळाडूला करार संपल्यावरही अडकवून ठेवण्याच्या लीगच्या पद्धतीविरुद्ध ज्याने दावा लावला आणि १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांच्याकडून आपल्या बाजूने निवाडा मिळविला, तोच हा ईस्टहॅम. १९६७ मध्ये विश्वविजेता गोलरक्षक गॉर्डन बँक्स आला. संघ पहिल्या श्रेणीत टिकून राहिला, पण विजेतेपदाच्या लढतीत उतरायला त्याला वर्षे लागली. ४ मार्च १९७२ रोजी वेम्बली येथे लीग चषकाच्या अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्ध विजयी गोल केला तो पस्तीस वर्षांच्या ईस्टहॅमने; स्टोकच्या शंभर वर्षांहून अधिक इतिहासातील हा पहिला मोठा चषक. क्लफची रीत अधिक फलदायी, हे मान्य करूनही, ज्या शहरापाशी ना पैसा होता ना मोठे नाव, त्याला या एका माणसाने जे दिले त्याचे मोल मी कमी लेखणार नाही.

क्लफ स्वतः डर्बीचा धडा विसरला नाही. १९७५ साली तो दुसऱ्या श्रेणीतील नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये असताना न्यूकॅसलने तेरा वर्षांच्या सेवेनंतर फ्रँक क्लार्क या एकतीस वर्षांच्या डाव्या बचावपटूला मोकळे केले. क्लफने त्याला एक पैही न देता घेतले. फॉरेस्ट १९७७ मध्ये वर चढला, १९७८ मध्ये विजेता झाला, आणि ३० मे १९७९ रोजी म्युनिक येथे माल्मो संघाला १-० असे हरवून युरोपीय चषकाचा मानकरी ठरला. गोल केला दशलक्ष पौंडांना घेतलेल्या ट्रेव्हर फ्रान्सिसने. डावी बाजू सांभाळली पस्तीस वर्षांच्या क्लार्कने, आणि तो त्याच्या कारकिर्दीतील अखेरचा सामना होता. त्या उन्हाळ्यात क्लफने लीड्सकडून चोवीस वर्षांचा फ्रँक ग्रे त्याच्या जागेसाठी आणला, आणि १९८० साली फॉरेस्टने तो चषक पुन्हा जिंकला.